फ्लॅश, फजिती आणि कोल्हापुरी

‘ताई, लिवलंय लै भारी. पर फोटूत आमचं पायताण प्लॅष्टिकचं दिसालंय की ओ!’

सकाळचे साडेनऊ. पहिला चहासुद्धा पोटात गेला नव्हता आणि कोल्हापूरहून हा फोन. बोलणाऱ्या वहिनी रागावलेल्या अजिबात नव्हत्या. आधी लेखाचं कौतुक केलं, मग हसत हसत हे वाक्य टाकलं आणि लगेच ‘जेवायला या पुन्यांदा’ म्हणून फोन ठेवूनही दिला. मी मात्र लॅपटॉप उघडून स्वतःच काढलेल्या फोटोकडे बघत बसले. खरं सांगू? दिसत होतीच प्लॅस्टिकची.

आता थोडं मागे जाते. जून २०२५मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाचे मॉडेल्स आपल्या कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या सँडल्स घालून चालले. सुरुवातीला कोल्हापूरचा कुठे उल्लेखच नव्हता. मग आपल्याकडे सॉलिड गदारोळ झाला आणि शेवटी कंपनीने या सँडल्समागची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं. बस्स! त्या महिन्यात प्रत्येक संपादकाला ‘एक कोल्हापुरी स्टोरी’ हवी होती. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असे महिने क्वचित येतात. मीही स्वारगेटहून एसटी पकडली आणि कोल्हापुरातल्या सुभाषनगरला जाऊन धडकले. तिथे घरोघरी चपला बनतात. एका घराच्या पुढच्या खोलीत वहिनींचे सासरे चामडं ठोकत बसले होते. त्यांना सगळी गल्ली ‘मामा’ म्हणते, म्हणून मीही म्हणायला लागले.

मामांनी मला चार तास दिले. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं कसं असतं, तळाला म्हशीचं का लागतं, खिळा न मारता वादीने कसं शिवायचं, सगळं सांगितलं. २०१९मध्ये कोल्हापुरीला जीआय मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मी वहीची वीस पानं भरली. आणि निघता निघता, बस चुकेल म्हणून घाईघाईत, ट्यूबलाइटखाली मोबाइलच्या फ्लॅशने फोटो काढले. सहा. पुढे काय झालं, ते तुम्ही वर वाचलंच आहे.

मार्क मिळाले, अक्कल राहिली

लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मास कॉमला मला फोटोग्राफीचा अख्खा पेपर होता. ‘थ्री पॉइंट लायटिंग’ची आकृती काढून, बाण वगैरे दाखवून, मी चांगले मार्कही मिळवले होते. पण आकृतीतला दिवा कधी भाजत नाही आणि आकृतीतली वस्तू कधी चमकत नाही.

फ्लॅशने नेमकं काय बिघडवलं, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा नीट दिसलं. चामड्याचा सगळा जीव त्याच्या पोतात असतो. बारीक छिद्रं, सुरकुत्या, शिवणीच्या कडेला आलेला किंचित फुगवटा. हे खड्डे आणि उंचवटे इतके उथळ, की त्यांची सावली पडली तरच ते डोळ्याला कळतात. मोबाइलचा फ्लॅश असतो लेन्सच्या अगदी शेजारी. त्याने सावली पडलीच तर ती वस्तूच्या मागे लपते, लेन्सला दिसतच नाही. पोत सपाट. वर तेल चोळलेल्या पट्ट्यावर फ्लॅशचा एक पांढराशुभ्र ठिपका उमटतो तो वेगळाच. सपाट आणि चकचकीत, म्हणजे आणखी काय? प्लॅस्टिकच!

आठवड्याभराने वहिनींचा पुन्हा फोन. त्या दोन वर्षांपासून व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवर चपला विकत होत्या. घरातल्या कुणाचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. मामांचा तर नव्हताच. दुकानदार एकगठ्ठा माल उचलतो, भाव पाडतो, पण पैसे ठरलेले असतात. तर वहिनींचं म्हणणं असं की दिवाळी येतीय, चांगले फोटो मिळाले तर या वेळी थेट गिऱ्हाईक करून दाखवीन. ‘तुमी शिकल्यालं हाय. एवढं काढून द्या की ओ.’

मी म्हटलं, ‘त्यात काय! पाठवा जोड.’

बॉस, माझ्या करिअरमधलं सगळ्यात महागडं ‘त्यात काय’ हेच.

अकरा ऑर्डर, चार परत

सहा जोड पुण्याला आले. व्हिडिओ बनवणाऱ्या एका मित्राकडून दोन एलईडी लाइट उसने आणले. हॉलमध्ये पांढरी चादर अंथरली, दोन्ही बाजूंना दिवे, वर घरचा ट्यूबलाइट, खिडकीतून दुपारचं ऊन. उजेडाची नुसती लयलूट! फोटो आले पिवळट-हिरवट. काही हरकत नाही, अॅप आहे ना! रंग थोडा गरम केला, कॉन्ट्रास्ट वाढवला, सॅच्युरेशन ढकललं. एका पट्ट्यावर बारीक ओरखडा होता, तो बोटाने पुसून टाकला. काय एकेक फोटो दिसायला लागला म्हणून सांगू! गडद, कॉफीसारखा तपकिरी, मासिकातल्या जाहिरातीत शोभेलसा.

आठवड्यात अकरा ऑर्डर आल्या. वहिनींनी मला पेढ्याचा फोटो पाठवला. मी दोन दिवस हवेत होते.

दिवाळी संपता संपता चार जोड परत आले. तिघांची तक्रार एकच : फोटोत तपकिरी होती, खोक्यातून पिवळसर निघाली. चौथीने लिहिलं होतं, पट्ट्यावर ओरखडा आहे, वापरलेली चप्पल पाठवली का? जाण्याचं कुरिअर गेलं, येण्याचं गेलं, पैसे परत गेले. एका जोडाचा तर परतीच्या प्रवासात अंगठा दबून आला. दिवाळीत वहिनींच्या हातात जे उरायला हवं होतं, त्यातलं बरंचसं माझ्या सॅच्युरेशनने खाल्लं.

मी फोनवर माफी मागितली. वहिनी म्हणाल्या, ‘राहू द्या ओ ताई, हुतंय असं.’ त्यांनी झापलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मागून मामांचा आवाज आला, तो मला उद्देशून नव्हता, तरी स्पष्ट ऐकू आला :

‘ते फोटूतलं पायताण मी केल्यालंच न्हाई. ज्यानं केलंय, त्याच्याकडनं घ्या म्हनावं.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी लिहिताना एखाद्याच्या तोंडी नसलेलं वाक्य घालीन का? शक्यच नाही! मग त्याच्या हातचा नसलेला रंग मी इतक्या सहज कसा काय घातला?

कॅरमचा फंडा

दुसऱ्या दिवशी मी मित्राच्या ओळखीने एका सीनियर प्रॉडक्ट फोटोग्राफरांच्या स्टुडिओत गेले. माणूस कमी बोलणारा. बॅगा, बूट, पट्टे यांचे कॅटलॉग करण्यात आयुष्य गेलेलं. माझे फोटो त्यांनी बघितले, चष्मा काढला आणि विचारलं, ‘कॅरम खेळता?’

पुढचा तासभर त्यांनी जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. स्ट्रायकर बोर्डाच्या कडेवर ज्या कोनात आपटतो, त्याच कोनात परत फिरतो. उजेडाचंही तसंच. चामड्यावरून उजेड दोन तऱ्हांनी परत येतो. काही उजेड आत शिरतो, रंग घेऊन चहूबाजूंना पसरतो. त्याने आपल्याला चामड्याचा रंग दिसतो. आणि काही उजेड वरच्या तकाकीवरूनच स्ट्रायकरसारखा उसळतो. ही झाली चमक. ती चमक म्हणजे खरं तर दिव्याचं प्रतिबिंब. म्हणून चमक नको असेल तर चपलेशी झटापट करायची नाही. दिवा अशा जागी न्यायचा, की त्याचा स्ट्रायकर लेन्सच्या पॉकेटमध्ये पडणार नाही.

पण चमक पूर्ण मारायचीही नाही हं! सरांनी लेन्सवर पोलरायझर नावाची फिरती काच लावली आणि एका काळ्या चकचकीत बुटावरची चमक माझ्या डोळ्यांदेखत गायब केली. काच आणखी फिरवली, तर बूट मेला! वाळका, पुठ्ठ्याचा वाटायला लागला. तेल प्यायलेलं चामडं आहे, हे आपल्याला त्या थोड्याशा चमकेवरूनच कळतं. शिवाय ही काच चामड्यावर चालते, पितळी बकलवर चालत नाही. धातूची चमक तिला दाद देत नाही.

मग आकाराची गोष्ट. दिवा किती पॉवरचा, यापेक्षा तो वस्तूच्या मानाने किती मोठा, हे महत्त्वाचं. उघडा बल्ब म्हणजे छोटा दिवा : सावली कडक, चमक टाचणीच्या टोकासारखी टोचणारी. त्याच बल्बपुढे ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव ताणला, की तो अख्खा ताव दिवा होतो : सावलीची कड विरघळते, चमक पसरून मऊ होते. सूर्य अवाढव्य आहे, पण इतका लांब की आपल्यासाठी तो छोटाच दिवा. आणि ढग आले, की अख्खं आभाळ ट्रेसिंग पेपर!

तुमची ऑफिसची काळी लेदर बॅग ऑनलाइन विकायला काढलीत आणि फोटोत नुसता काळा ठोकळा आला, असं झालंय? कारण काळं चामडं उजेड पिऊन टाकतं. त्याचा आकार दाखवायचा तर चमकेनेच. बॅगेच्या कडेला एक लांब पांढरा पुठ्ठा असा धरायचा, की त्याचं प्रतिबिंब कडेवर रेघेसारखं उतरेल. लगेच बॅगेला कोपरे फुटतात. स्वेडचं उलट. त्याला चमकच नाही, तेव्हा त्याला जरा कडक, कडेचा उजेड चालतो. फक्त आधी ब्रशने लव एका दिशेला बसवायची, नाहीतर बुटावर नकाशा दिसतो. आणि पेटंट लेदर म्हणजे आरसाच. त्यात दिवा, छत, शेजारची खुर्ची आणि फोटो काढणारे आपण, सगळी मंडळी हजर! तिथे काळा पुठ्ठा कामाला येतो.

शेवटी आला रंग. सरांनी विचारलं, ‘किती तऱ्हेचे दिवे होते तुमच्या हॉलमध्ये?’ मी मोजले : दोन एलईडी, एक ट्यूब, एक ऊन. ‘म्हणजे तीन तऱ्हेचे पांढरे,’ ते म्हणाले. दुपारचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, घरातला पिवळा बल्ब २७००च्या आसपासचा. कॅमेरा एका वेळी एकाच पांढऱ्याला पांढरं मानू शकतो. दोघं-तिघं एकदम आले, की चपलेचा एक काठ निळा, दुसरा पिवळा. त्यात स्वस्तातल्या एलईडींमध्ये तांबडा रंग बऱ्याचदा अशक्त असतो. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, तो ९५च्या पुढे असला तर भरवसा. चामड्याचे सगळे तपकिरी रंग त्या तांबड्यावर उभे. दिव्यातच तो नसेल, तर फोटोत येणार कुठून? मग आपण अॅपमधून अंदाजाने ओततो. मी ओतला होता, तसा.

निघताना मी विचारलं, ‘सर, कोणता लाइट घेऊ?’ ते म्हणाले, ‘आधी कोल्हापूरला जा. चप्पल जिथे बनते, तिथे दार असेलच की.’

मामांचं दार

अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपरचे चार ताव, एक काळा आणि एक राखाडी माउंट बोर्ड, एवढंच घेतलं. थर्माकोल टीव्हीच्या खोक्यातला होता. नोव्हेंबरच्या एका शनिवारी मी पुन्हा सुभाषनगरात. मामांनी ‘ये पोरी’ म्हटलं, पण मान वर केली नाही. रापीने चामडं कापणं चालू होतं.

मी कोपऱ्यात बसून राहिले आणि तेव्हा मला ते दिसलं, जे जुलैमध्ये चार तास समोर असून दिसलं नव्हतं. नवीन तुकडा घेतला, की मामा उठून दारात जात. तुकडा डोळ्यांच्या रेषेत, जवळजवळ आडवा धरत आणि सावकाश फिरवत. दाराचा उजेड चामड्यावरून सरपटत जाई. मग तो तुकडा या ढिगात किंवा त्या ढिगात.

‘मामा, काय बघताय?’

‘समोरनं बगून चामडं कळत न्हाई. असं आडवं धराय लागतंय. हे बग, गोचिडाचं भोक. हितं तार लागल्याली. ही बाजू पट्ट्याला न्हाई चालायची, आत घालायची.’

सरांनी स्टुडिओत सांगितलेलं ते हेच! पोत दाखवायचा तर उजेड कडेने, अगदी दहा-पंधरा अंशांवरून, पृष्ठभागाला घासत जाऊ द्यायचा. मग प्रत्येक छिद्राला स्वतःची सावली मिळते. मामांनी कॅरमचा फंडा ऐकला नव्हता. त्यांना माल पारखायचा होता, एवढंच. आणि मी मात्र त्यांच्या खोलीत शिरल्या शिरल्या ट्यूब लावायला सांगितली होती!

दार उत्तरेला होतं. म्हणजे ऊन थेट आत नाही, दिवसभर एकसारखा उजेड. आम्ही ट्यूब बंद केली. दारापासून अडीच-तीन फुटांवर एक पाट, त्यावर राखाडी बोर्ड. पांढरी चादर या वेळी नाही : सगळीकडे पांढरं दिसलं, की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो फोटो काळवंडतो. चप्पल अशी ठेवली, की उजेड डावीकडून आणि थोडा मागून येईल. उजव्या बाजूला थर्माकोल. तो जवळ आणला की सावली उजळे, लांब नेला की गडद होई. वहिनींनी पाच मिनिटांत त्याचं तंत्र पकडलं आणि मला सांगायला लागल्या, ‘जरा मागं घ्या ताई, वेणी दिसंना झाली.’ पट्ट्यावरच्या जरीचा एक ठिपका फारच चमकत होता. दाराच्या त्या भागावर ट्रेसिंग पेपर चिकटवला, तो शांत झाला.

कॅमेरा? माझा मोबाइलच. पण चपलेच्या नाकावर नेऊन नाही. तसं केलं की अंगठा भोपळ्याएवढा आणि टाच मटाराएवढी येते. पाच फूट मागे, दोनपट झूम, ट्रायपॉड, तीन सेकंदांचा टायमर. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक केला, मग उजेड किंचित खाली ओढला. कारण चमक एकदा पांढरी जळाली की परत आणता येत नाही. पहिल्या फोटोत चपलेशेजारी एक राखाडी पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला. नंतर रंग त्याच्यावरून जुळवायचा, माझ्या मूडवरून नाही.

मामांनी पहिला फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. ‘हं,’ म्हणाले आणि परत रापी उचलली. एवढंच. पण तो ‘हं’ मी पदवीच्या सर्टिफिकेटशेजारी लावायला तयार आहे.

ओरखड्याचं काय करायचं?

खरी परीक्षा मात्र पुढेच होती. परत आलेला तो ओरखड्याचा जोड वहिनींनी पुढे ठेवला. तोही विकायचा होता.

आणि इथे मला एक भलतीच गोष्ट कळली. उजेड ओरखड्याला आडवा जात होता, तेव्हा ती रेघ ठळक दिसत होती. मी चप्पल थोडी फिरवली. उजेड आता त्या रेघेच्या दिशेने वाहायला लागला आणि ओरखडा नाहीसा झाला! अॅप नाही, बोटाने पुसणं नाही. चामडं खरं, रंग खरा, फोटोत काडीची भर नाही. तरी गायब. मी मिनिटभर चप्पल इकडे-तिकडे फिरवत बसले. दिसला, लपला, दिसला, लपला.

मला वाटत होतं की मी सॅच्युरेशन सोडलं म्हणजे प्रामाणिक झाले. कसलं काय! उजेड कुठून घ्यायचा हे ठरवलं, तिथेच काय सांगायचं आणि काय गाळायचं हेही ठरलं होतं. हेच मी लेख लिहितानाही करते, फक्त तिथे त्याला ‘अँगल’ म्हणते. ऑफिसात पीपीटी बनवणाऱ्या तुम्हालाही हे ओळखीचं वाटेल.

‘वहिनी, असं ठेवलं तर दिसत नाही,’ मी म्हटलं. ‘काय करू?’

वहिनींनी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, ‘जित्या जनावराचं कातडं हाय. खूण असणारच. पर गिऱ्हाइकाला आधी सांगून दिलेलं बरं.’ मग वहिनींनीच ठरवलं : दोन फोटो. एक नेहमीचा, एक ओरखडा दिसेल असा, आणि खाली तसं लिहायचं. किंमत शंभराने कमी.

रंगाचा तिढाही त्यांनीच सोडवला. बाभूळ-हिरड्याचं चामडं उन्हाने, तेलाने, पायाच्या वापराने हळूहळू गडद होत जातं. म्हणजे मी अॅपमध्ये दिलेला तो कॉफी रंग अगदीच खोटा नव्हता, फक्त त्याला वर्ष-दीड वर्ष चालायला लागलं असतं! वहिनी आत गेल्या आणि स्वतःच्या पायातला जुना जोड घेऊन आल्या. नवा आणि जुना, शेजारी शेजारी, एकाच उजेडात. ‘हे आज मिळंल, हे वापरून हुईल.’ या फोटोची आयडिया ना मला सुचली होती, ना सरांना.

हिशेब

पुढे काय झालं, ते सांगताना मला सॅच्युरेशन वाढवायचं नाहीये. ऑर्डर अकरा आल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात पाच आल्या. लाइक्स तर आधीपेक्षा कमीच. राखाडी पुठ्ठ्यावरची खऱ्या रंगाची चप्पल बघून स्क्रोल करणारं बोट थांबतंच असं नाही, हे मान्य करायला हवं. पण महिन्याभरात परत आला तो एकच जोड, तोही माप चुकलं म्हणून. वहिनींनी बदलून दिला. ओरखड्याचा जोड तीन आठवडे पडून होता. मग गेला आणि परत आला नाही.

मामांचा ऑनलाइनवर विश्वास बसला का? छे! पण मागच्या महिन्यात त्यांनी दारासमोर रचलेली खोकी स्वतःहून हलवली. ‘तिच्या फोटूला उजेड अडतोय,’ असं म्हणाले म्हणे.

माझ्याही घरी एक बदल झालाय. व्हिडिओ कॉलसाठी तोंडासमोर लावलेला तो गोल रिंग लाइट मी काढून टाकला आणि टेबल खिडकीच्या कडेला सरकवलं. चेहऱ्यावरचा तो गुळगुळीतपणा गेला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसतात. परवा एका संपादकबाईंनी विचारलं, ‘झोप होत नाही का गं?’ मी खरं ते सांगून टाकलं आणि डेडलाइन दोन दिवस पुढे ढकलून मिळाली!

आज सकाळी पुन्हा साडेनऊला फोन. ‘ताई, कापशीचे चार नवीन जोड झाल्यात. कवा येताय?’

‘शनिवारी येते,’ मी म्हटलं. ‘काही आणू का पुण्याहून?’

‘काय नगं. थर्माकोल तेवढा नवा आना. पयला पोरांनी मोडला.’